टॅलीतील ॲड-ऑन : परवाना आणि किल्ली

आपल्या पेढ्यांवरील लाल वही बहुतांशी लक्ष्मीपूजनापुरती उरली आणि रोजची कीर्द-खतावणी संगणकावर गेली, यास आता पुष्कळ वर्षे लोटली. आडत दुकान असो, कापडपेढी असो वा सराफी असो, 'टॅली' हा शब्द दिवाणजींच्या तोंडी पुरता रुळला आहे. परंतु त्याच टॅलीत बाहेरच्या विकसकांकडून जे लहान-मोठे ॲड-ऑन बसवून घेतले जातात, व्यवहारात ज्यांस नुसते 'टीडीएल' म्हणतात, त्यांच्या परवान्याविषयी आपल्या व्यापारी बंधूंत बरीच अनास्था आढळते. पैसे मोजून आपण नेमके काय घेतले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचा उलगडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टॅलीचा जन्मच मुळी एका व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत असत. हिशेबासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी ते काम आपले पुत्र भरत गोयंका यांजवर सोपविले. त्यातून १९८६ साली बंगळूरच्या या उद्योगाचा आरंभ झाला. पुढे २००९ साली 'टॅली ईआरपी ९' आणि २०२० साली 'टॅलीप्राईम' ही आवृत्ती आली. भरत गोयंका यांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

एकच सॉफ्टवेअर सर्व धंद्यांस तंतोतंत लागू पडणे शक्य नाही. आडत्यास पट्टीवर हमाली व तोलाई वेगळी दाखवावयाची असते. सराफास घट व घडणावळ मांडावयाची असते. कापडवाल्यास तागा आणि मीटर दोन्ही हवे असतात. यासाठी टॅलीची स्वतःची एक भाषा आहे. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन तीस टीडीएल म्हणतात. ही भाषा बाहेरच्या विकसकांसही खुली असल्याने गावोगावी एकटे-दुकटे होतकरू विकसक असे ॲड-ऑन तयार करून देतात. त्यांचा मूळ मजकूर साध्या फाईलमध्ये असतो व जाणकारास तो वाचता येतो. ग्राहकास मात्र बहुधा त्याची बंद केलेली प्रत, म्हणजे 'टीसीपी' फाईल, मिळते. ती चालते, पण तिच्यातील मजकूर वाचता किंवा बदलता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. साखरेचे पोते विकत घेतले की त्यावर आपली पूर्ण मालकी येते. ॲड-ऑनचे तसे नाही. तेथे आपण विकत घेतो तो केवळ वापरण्याचा परवाना. आणि ॲक्टिव्हेशन म्हणजे त्या परवान्याचे कुलूप उघडणारी किल्ली. टॅलीच्या प्रत्येक परवान्यास एक सिरियल नंबर असतो. विकसक आपल्या ॲड-ऑनमध्ये अशी योजना करू शकतो, की सुरू होताच त्याने हा नंबर तपासावा. जुळला तर काम करावे, न जुळल्यास थांबावे. कोणी जोडीला मुदतीची तारीखही घालतो. कोणी सिरियल नंबराऐवजी त्या विशिष्ट संगणकाशीच गाठ बांधतो.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु संगणक बदलण्याची वेळ आली म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून परत करून, म्हणजे 'सरेंडर' करून, नव्या यंत्रावर पुन्हा चालू करता येतो, आणि सिरियल नंबर तोच राहतो. म्हणून नंबराशी बांधलेला ॲड-ऑन नव्या यंत्रावर चालतो. यंत्राशी बांधलेल्यासाठी मात्र विकसकाकडून नवी किल्ली मागावी लागते. तो विकसक हाती लागला तर ठीक. त्याने व्यवसाय सोडला असेल तर काय करावे?

ही शंका केवळ सोयीपुरती नाही. ॲड-ऑनमुळे व्हाउचरमध्ये जी नवी रकाने येतात, त्यांत भरलेली माहिती टॅलीच्या नेहमीच्या रकान्यांत नसते. ॲड-ऑन बंद पडला की ती माहिती फाईलमध्ये असूनही पडद्यावर दिसेनाशी होते. दोन निरनिराळ्या विकसकांनी अशा रकान्यांस एकच क्रमांक दिला, तर माहितीची सरमिसळ होण्याचाही संभव असतो. इकडे जीएसटीचा कायदा सांगतो, की हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या नियत तारखेपासून ७२ महिने जतन केली पाहिजेत. किल्ली एक वर्षाची आणि जबाबदारी सहा वर्षांची, अशी ही विषम जोडी आहे. रकमा जाग्यावर असतील. पण कोणत्या तोलाईने, कोणत्या घटीने त्या आल्या, हे तपासनीसास दाखविता आले पाहिजे.

मालकीविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते. पगारी नोकराने नोकरीच्या कामात प्रोग्रॅम लिहिला, तर एरवी काही ठरले नसल्यास हक्क मालकाचा. परंतु स्वतंत्र विकसकाकडून मोबदला देऊन तो करवून घेतला, तरी पहिला हक्क त्या विकसकाचाच राहतो. तो आपल्याकडे यावयाचा तर त्याच्या सहीचा लेख लागतो. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. तोंडी शब्दावर येथे भागत नाही. मात्र रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची, हानीपासून बचाव म्हणून, राखीव प्रत ठेवण्याची मुभा कायद्याने दिली आहे.

कुलूप तोडलेला ॲड-ऑन स्वस्तात मिळवून देणारे महाभाग बाजारात भेटतात. त्यांजपासून दूर राहावे हेच श्रेयस्कर. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास याच कायद्याच्या कलम ६३ ख अन्वये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्याखेरीज वापर असल्यास न्यायालय सवलत देऊ शकते. व्यापाऱ्यास ती वाट मोकळी नाही. शिवाय टीडीएलला पेढीचा सर्व हिशेब वाचता येतो व तो इंटरनेटवरून बाहेरही धाडता येतो. अनोळखी हाताने उघडलेली फाईल आपल्या उधारीच्या याद्या कोठे पाठवील, हे कोणी सांगावे?

विकसकाची बाजूही न्यायबुद्धीने पाहावयास हवी. करविषयक नियम बदलला, की त्यास आपले काम पुन्हा तपासावे लागते. टॅलीप्राईम आली तेव्हा जुने पुष्कळ ॲड-ऑन नव्याने जुळवून घ्यावे लागले. त्याची वार्षिक फी ही या श्रमाची मजुरी होय. ती चुकविणारा व्यापारी उद्याच्या अडचणीत मदतीचा हक्क गमावून बसतो.

यास्तव आमची नम्र सूचना अशी आहे. ॲड-ऑन घेण्यापूर्वी पाच गोष्टी लेखी ठरवाव्या : किल्ली सिरियल नंबराशी बांधली आहे की यंत्राशी, मुदत किती, मुदत संपल्यावर जुनी माहिती निदान पाहता येईल की नाही, नव्या आवृत्तीसाठी वेगळी फी आहे काय, आणि विकसकाने काम थांबविल्यास मूळ मजकूर पेढीस मिळेल काय. टॅलीप्राईममध्ये एफ-१ दाबून टीडीएल व ॲड-ऑनचा विभाग उघडला, की कोणत्या फायली चालू आहेत हे दिसते. ती यादी, किल्ल्या आणि बिले एका फायलीत ठेवावी. दरवर्षी ताळेबंद झाल्यावर ॲड-ऑनमधील सर्व तपशिलाची छापील किंवा पीडीएफ प्रत काढून ठेवावी, म्हणजे किल्ली राहो वा न राहो, पुरावा आपल्या हाती राहील.

आपल्या वाडवडिलांनी तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी याचा फार बारकाईने विचार केला. आज हिशेबाची किल्ली दुसऱ्याने घडविलेली आहे. ती घ्यावी, तिचे मोल चोख द्यावे. पण तिच्या अटी वाचल्यावाचून पेढीचा कारभार तिच्यावर सोपवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.