रुजू झाल्यानंतरचे स्तनपान-विश्राम
प्रसूती रजा (पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा) संपून आई कामावर रुजू झाली की मातृत्वविषयक कायदेशीर संरक्षणही संपते, असा समज सर्रास आढळतो आणि पुष्कळदा राजीनामाही त्यापोटीच दिला जातो. वस्तुतः ताप उतरला तरी पथ्य काही काळ चालूच राहते, तसे हे आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, रोज दोन स्तनपान-विश्राम (बाळाला पाजण्यासाठी राखीव वेळ) दिले व त्यांपोटी वेतनकपातीस मनाई केली. २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करून तेथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा दिली. घरून काम करण्याची सवलत मात्र उभयपक्षी संमतीवरच अवलंबून ठेवलेली आहे.