दूरध्वनीचे दुसरे टोक

कोकणातील कर्करोग्याला परळची वाट पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. १९४१ साली तेथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि चाकरमान्यांच्या मुंबईकडे रोगीही जाऊ लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने रेल्वे व एसटी थांबली आणि ही वाट बंद झाली. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीनुसार त्या वर्षी मार्च ते मे या काळात नव्या रोग्यांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेने ५४ टक्क्यांनी, तर फेरतपासणीस येणाऱ्यांची संख्या ४६ टक्क्यांनी घटली. रोग मात्र थांबला नव्हता.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर केले. त्यांचा लाभ निर्विवाद आहे. केवळ अहवाल दाखविण्यासाठी रत्नागिरीहून तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा, सोबतच्या माणसाने मजुरी बुडवावी, याची गरज सर्वांना नसते.

परंतु सल्ला वेगळा आणि देखरेख वेगळी. केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी आलेला ३८ अंश सेल्सियसचा ताप काही तासांत प्राणावर बेतू शकतो. तो मोजावयाचा कोणी? मुले मुंबईत आणि गावी वृद्ध आईवडील, हे कोकणातील असंख्य घरांचे चित्र आहे. अशा घरी पोहोचू शकते ती गावातील आशा कार्यकर्ती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत राज्यभर घरोघरी ताप व प्राणवायूची पातळी मोजली गेली. जे महासाथीत साधले, ते कर्करोग्यासाठी कायमचे का साधू नये? अर्थात, त्या कामाचा योग्य मोबदला तिला मिळालाच पाहिजे.

यंत्रावर सर्वस्वी विसंबण्यातील धोकाही त्याच वर्षी दिसला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत वीज गेली आणि दूरध्वनीही मुके झाले. शिवाय, असह्य वेदना शमविणारे मॉर्फिन दूरध्वनीवरून लिहून देण्यास त्या नियमांनी मनाई केली. ही मनाई समजण्याजोगी आहे. पण म्हणूनच ते औषध देण्याचा अधिकार असलेला डॉक्टर जवळपास असणे अगत्याचे ठरते.

दूरध्वनीने परळ जवळ येते, हे खरे. परंतु ताप चढल्याचे कळल्यावर मध्यरात्री ज्याचे दार उघडेल, असे रुग्णालय तालुक्यात नसेल, तर त्या देखरेखीतून हाती येईल ती केवळ रोग्याच्या अखेरच्या तासांची नोंद.