बरणीवरची चिठ्ठी आणि मनातला शब्द

कामं आवरून, कुणी डाळ निवडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओजवळ बसल्या असाल. आज आम्ही एका तत्त्वज्ञाबद्दल बोलणार आहोत. हा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच दोघींनी कपाळाला हात लावला होता. पण या माणसानं आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, तो आपल्या बचत गटाच्या बैठकीत कितीदा तरी येतो. मनात काहीतरी सलत असतं, पण सांगायला शब्द सापडत नाही, तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं?

त्यांचं नाव चार्ल्स टेलर. जन्म १९३१ सालचा, कॅनडातल्या माँट्रियल शहरातला. वडील इंग्रजी बोलणारे, आई फ्रेंच बोलणारी. एकच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगितली की ती थोडी वेगळीच होऊन बसते, हे अशा घरातल्या मुलाला लवकर कळतं. माहेर कानडी आणि सासर मराठी असलेल्या आपल्या सीमेवरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. टेलर ऑक्सफर्डला शिकले आणि माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. मधे निवडणुकाही लढवल्या. १९६५ साली ते ज्यांच्याकडून हरले, ते पिएर त्रुदो पुढे देशाचे पंतप्रधान झाले. हरले ते बरंच झालं म्हणायचं, पुस्तकं तरी लिहून झाली!

त्यातलं 'द लँग्वेज अ‍ॅनिमल', म्हणजे 'भाषा असलेला प्राणी', हे पुस्तक २०१६ साली आलं, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. पुस्तक जड आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यातली मुख्य गोष्ट स्वयंपाकघरात बसून समजण्यासारखी आहे.

फळीवरच्या बरण्या डोळ्यांसमोर आणा. एकीत हळद, एकीत तिखट, एकीत धणे. ओळखू याव्यात म्हणून आपण वर चिठ्ठ्या लावतो. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉब्ज आणि लॉक हे इंग्रज विचारवंत भाषेबद्दल साधारण असंच म्हणत होते. कल्पना आधी डोक्यात असते, शब्द ही तिच्यावरची चिठ्ठी. टेलर म्हणतात, हे खोटं नाही, पण फार अपुरं आहे. इथं ते अठराव्या शतकातल्या हर्डर या जर्मन विचारवंताचा हात धरतात.

हर्डरचं म्हणणं समजावताना टेलर उंदराचं उदाहरण देतात. त्रिकोण काढलेल्या दारामागे चीज असतं, असं उंदराला शिकवलं की तो बरोबर त्याच दारातून जातो. त्याच्या लेखी 'बरोबर' म्हणजे खायला मिळणं. आपल्या कोंबड्याही हाक मारली की दाण्यासाठी धावत येतातच की. माणसाला मात्र पदरात काही पडो न पडो, शब्द नेमका बसला का, याची फिकीर असते. 'अगं तसं नाही, थांब, कसं सांगू...' असं आपण म्हणतो ना, तीच ती फिकीर.

आणि गंमत पुढे आहे. हळदीच्या बरणीवर 'तिखट' लिहिलं तरी आत हळदच राहते. मनाचं तसं नसतं. समजा, जावेनं शिलाई मशीन घेतलं आणि तुमच्या पोटात कालवलं. आधी वाटतं, हा राग आहे. मग स्वतःशीच कबूल होतं, राग कसला, हेवा आहे. रात्री पडल्या पडल्या कळतं की हेवाही नाही, आपलं शिकायचं राहून गेलं त्याची ती हुरहुर आहे. प्रत्येक शब्दागणिक आतली भावनाच बदलत गेली. जावेशी वागणंही बदलेल. म्हणूनच टेलर माणसाला स्वतःचा अर्थ लावणारा प्राणी म्हणतात. १९८५ साली निघालेल्या त्यांच्या निबंधांच्या पुस्तकात हा विचार आहे.

इथं आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट, तिला विचारूनच सांगतो आहोत. तीन वर्षं ती म्हणायची, "आमच्या घरात भांडणं होतात." आम्हीही मान डोलवायचो, कुणाच्या घरात होत नाहीत? एके दिवशी हातावरचा वळ दिसला तेव्हा एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं, "बाई, भांडणाला दोघं लागतात. तू कधी हात उचललास का?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाही. तो मारतो मला." तीन शब्द. पण 'भांडण' होतं तोवर ती स्वतःचा स्वभाव सुधारायला बघत होती. 'मारतो' म्हटल्यावर पहिल्यांदा तिनं विचारलं, यावर काही कायदा आहे का? २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा होताच. त्यात शरीराच्या मारहाणीबरोबर शिवीगाळ, अपमान आणि पैशाची अडवणूक हेही छळ म्हणूनच लिहिलेलं आहे. कायदा होता, शब्द यायचा होता. आम्हीही तीन वर्षं तिचा चुकीचा शब्द खरा धरला, ही टोचणी आम्हाला आहे.

तेव्हा वाटेल तो शब्द लावून चालत नाही. टेलर फ्रेंच लेखक सार्त्र यांच्या एका प्रसिद्ध उदाहरणाचा आधार घेतात. युद्ध चालू आहे, घरी एकटी आई आहे, आणि मुलाला लढायला जायचं आहे. सार्त्र म्हणाले, तू मोकळा आहेस, निवड कर. टेलर विचारतात, आपण निवडू तेच बरोबर असतं, तर त्या मुलाची ओढाताण झालीच का असती? आईची हाक आणि देशाची हाक, दोन्ही त्यानं निवडण्याआधीच त्याच्यावर हक्क सांगत होत्या. पोळी खावी की भाकरी, ही एक निवड. 'असं वागले तर मला माझीच लाज वाटेल' ही वेगळी. टेलरांच्या मते माणूसपण या दुसऱ्या प्रकारात आहे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक निबंध तर थेट आपल्यापर्यंत पोचतो. लोक आपल्याला ज्या नजरेनं बघतात, ती नजर आपल्यात मुरते, असं त्यात ते म्हणतात. बायकांना कमी लेखणारं चित्र बायकांनीच स्वतःबद्दलचं खरं मानलं, हे त्यांचंच उदाहरण. पहाटेपासून शेण, पाणी, खुरपणी, चूल करणारी बाई "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला "काही नाही, घरीच असते" म्हणते, तेव्हा ती दुसऱ्याची चिठ्ठी स्वतःला लावून घेते.

पण नुसता मान मिळून भागतं का? अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी हाच आक्षेप घेतला. मान हवा आणि वाटाही हवा, एकावर दुसऱ्याची बोळवण नको, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटतं. 'अन्नपूर्णा' म्हणून हार घालायचे आणि सातबाऱ्यावर नाव लावायचं नाही, हे आपण पाहतोच.

टेलरांनी स्वतःचा शब्दही मागे घेतला आहे. २००७ साली त्यांच्या प्रांताच्या सरकारनं, धर्माच्या खुणा आणि रीतींवरून चाललेल्या वादासाठी नेमलेल्या दोघांच्या आयोगात ते होते. गावोगाव लोकांचं ऐकून २००८ साली अहवाल दिला. न्यायाधीश, पोलीस अशांनी कामावर धर्माची खूण घालू नये, अशी एक शिफारस त्यात होती. २०१७ च्या जानेवारीत क्युबेक शहरातल्या मशिदीत गोळीबार होऊन सहा माणसं मेली. पुढच्याच महिन्यात, ८५ व्या वर्षी, टेलरांनी जाहीर लिहिलं की या शिफारशीला आता माझा पाठिंबा नाही.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. आजी, आत्या, सासूबाई यांच्या तोंडी बाईच्या मनाच्या अवस्थेसाठी असलेले शब्द, जे आता कानावर पडत नाहीत, ते आम्हाला कळवा. शब्द कुठल्या गावचा, आणि तो कोणत्या प्रसंगी निघायचा, तेही सांगा. पुढच्या वेळी ते वाचून दाखवू.