घोड्याचा श्वास

बडोदे संस्थानाच्या पागा इतिहासजमा झाल्या, तरी बडोद्याच्या नागरवाड्यातून वरात मिरवणारा घोडा त्याच जुन्या विकारांनी आजही धापा टाकतो. कोंदट तबेल्यातील बुरसट वैरणीच्या धुळीने जडणारा दमा श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांपेक्षा, वैरण भिजवून जमिनीलगत घालणाऱ्या आणि वारा खेळता ठेवणाऱ्या मोतद्दाराच्या दक्षतेनेच अधिक आटोक्यात राहतो, असे माझे निश्चित मत आहे. जबड्याखाली गाठ पिकणाऱ्या ‘स्ट्रँगल्स’मध्ये जनावर वेगळे बांधून गाठ शेकावी, ती फुटून पू वाहून गेला की बहुधा उतार पडतो, आणि पेनिसिलिन द्यायचे ते पशुवैद्याच्याच सल्ल्याने. नाकातून चिकट स्राव व आत व्रण ही लक्षणे असलेला ग्लँडर्स मात्र माणसालाही ग्रासतो, म्हणून भारतात १८९९च्या ग्लँडर्सविषयक कायद्यापासून बाधित घोड्याला उपचार नव्हे, मृत्यूच फर्मावला आहे.