तीनदा मांडलेलं काम

पोटापाण्यासाठी गाव सोडलेलं माणूस सणावाराला परत जाऊ शकतं. निर्वासिताचं तसं नसतं. परतलं तर तुरुंग किंवा मरण, म्हणून त्यानं घर सोडलेलं असतं. अशा माणसाजवळ उरतं तरी काय? आज आम्ही तुम्हाला कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताबद्दल सांगणार आहोत.

श्विटर्स १८८७ साली हॅनोव्हर शहरात जन्मले. ते कवी होते आणि शिल्पकारही. शिल्प म्हटलं की आपल्याला दगड आणि छिन्नी आठवते. हे मात्र लोकांनी टाकलेल्या वस्तू गोळा करायचे. जुनी तिकिटं, लाकडाचे तुकडे, कागदाचे कपटे, काहीही. जुन्या लुगड्यांची आपण गोधडी शिवतो ना, तसंच ते. राहत्या घरातच त्यांनी लाकूड आणि प्लास्टरचं एवढं मोठं शिल्प उभारलं, की माणूस आत शिरून फिरू शकेल.

१९३३ साली हिटलरची सत्ता आली. असली नवी कला सरकारला खपेना. गुप्त पोलीस मागे लागले, तेव्हा जानेवारी १९३७ मध्ये श्विटर्स नॉर्वेला निघून गेले. त्याच वर्षी म्युनिक शहरात सरकारनं कलावंतांना हिणवण्यासाठी एक प्रदर्शन भरवलं. त्यात त्यांचंही काम मांडलं होतं. पत्नी हेल्मा घरदार सांभाळायला मागे राहिल्या.

नॉर्वेत त्यांनी दुसरं शिल्प उभारायला घेतलं. १९४० साली जर्मन सैन्य तिथंही पोचलं. ते कसंही सोडून जहाजानं ब्रिटनला आले. तिथं काय झालं? जर्मन म्हणून त्यांना शत्रूदेशाचा माणूस ठरवलं आणि आयल ऑफ मॅन बेटावर तारेच्या कुंपणात ठेवलं. ज्यांच्या भीतीनं पळाले, त्यांचेच ठरले! सुटका झाली नोव्हेंबर १९४१ मध्ये. छावणीत सामान मिळेना, तर त्यांनी ओटच्या लापशीची शिल्पं केली. त्यांना बुरशी आली, पण काम थांबलं नाही.

१९४३ साली बाँबहल्ल्यात हॅनोव्हरचं घर आणि आतलं शिल्प नष्ट झालं. १९४४ साली हेल्मा कॅन्सरनं गेल्या. युद्ध सुरू झाल्यानंतर दोघांची भेट झालीच नाही.

१९४५ साली श्विटर्स इंग्लंडमधल्या अँबलसाइड या छोट्या गावी राहायला गेले. पोटासाठी गावकऱ्यांची चित्रं काढायचे. १९४७ साली जवळच्या एका दगडी कोठारात त्यांनी तिसऱ्यांदा काम मांडलं. तब्येत ढासळलेली होती, एका भिंतीवरच काम होऊ शकलं. ७ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचं कळलं. दुसऱ्याच दिवशी ते वारले.

ती भिंत १९६५ साली न्यूकॅसल शहरातल्या कलादालनात हलवली. ती आजही तिथं जपलेली आहे.

मैत्रिणींनो, घर गेलं, माणसं गेली, कागद अखेरच्या दिवशी आला. हातातलं कसब तेवढं कुणाला हिरावून घेता आलं नाही. बाहेरून आलेली एखादी बाई आपल्या गावात दिसली, की आपण आधी विचारतो, 'तुझे कागद कुठायत?' कर्जासाठी, खात्यासाठी कागद लागतातच. पण गटाच्या पुढच्या बैठकीत तिला शेजारी बसवून हेही विचारू या का, 'बाई, तुला काय काय येतं?'