मिनी ट्रॅक्टरला बॅकहो जोडावा की ट्रॅक्टरच मोठा घ्यावा?

कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत अवजारांची चौकशी करणाऱ्या ऊस उत्पादकासमोर हा प्रश्न येतोच. २५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला बॅकहो, म्हणजे जेसीबीसारखा मागे जोडायचा खोदणारा हात, लावायचा की ५० एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचा?

सगळे एचपी बघतात, पण आधी बघायचं ते वजन. बकेट मातीत रुतलं की ते ट्रॅक्टरलाही तितक्याच जोराने मागे खेचतं. जेसीबी सात टनांच्या पुढे. मिनी ट्रॅक्टर टनाच्या आतबाहेर. म्हणून त्याला छोटं बकेट, जमिनीवर टेकणारे दोन पाय आणि स्वतंत्र फ्रेम हवी. नुसतं थ्री-पॉइंट लिंकेजवर टांगलं, तर ताण ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर येतो. मऊ मातीत पाइपलाइनचा चर निघेल, कडक मुरूम नाही.

मग मोठा घ्यावा? पण साडेचार फुटी सरीत भरणीला उपयोगी पडतो तो मिनीच. तो विकला, तर भरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर शोधत फिरावं लागेल. मोठा घ्यायचाच तर नांगरट आणि ऊस वाहतुकीच्या हिशेबाने.

खोदाई वर्षातून दोन-चार दिवसांचीच असेल, तर तासावर जेसीबी बोलावणं बरं. बॅकहो परवडतो शेजाऱ्यांचेही चर काढून देणाऱ्याला. त्यानेही आधी विचारावं, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो. तो कमी पडला की हात रेंगाळतो.