मखर, ट्रिमर आणि पाव मिलिमीटरहून थोडी जास्त चूक



राउटर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना घरातला इंटरनेटचा डबा आठवतो. माझी तर रोजीरोटीच त्यावर! पण आजचा राउटर लाकूडकामाचा. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेणारी मोटर आणि तिच्या टोकाला कापणारं बिट. खाच पाडणं, कडेला गोलाई देणं, अक्षरं कोरणं ही त्याची कामं. त्याच्या एका हातात मावणाऱ्या धाकट्या भावाला आपल्याकडचे सुतार ट्रिमर म्हणतात. एचडीबीच्या घरात छंद करणाऱ्याला तो पुरतो.

हा छंद लागला लेकीमुळे. "बाबा, महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आहे, मग आपलं मखर थर्माकोलचं का?" प्रश्न बिनतोड होता. ९ मि.मी. प्लायवूडचं, घडी घालून कपाटामागे ठेवता येईल असं मखर करायचं ठरलं. ट्रिमर इथे घेतला. बिटं मात्र मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणली, कारण तिथे ती स्वस्त मिळाली. (बिटं विमानात हातातल्या बॅगेत नव्हे, चेक-इन सामानात ठेवावीत.)

पहिल्याच कमानीला बिट हळूहळू खाली सरकत गेलं. प्लायवूड आरपार झालं आणि खालच्या जेवणाच्या टेबलातही दोन बोटं लांब खाच पडली. माझी बोटं वाचली हे नशीब. टेबलाबद्दल सौ. अजून बोलतात.

चूक कुठे झाली?

बिटाची दांडी ६ मि.मी. होती आणि माझ्या ट्रिमरचा कॉलेट पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मि.मी.चा. कॉलेट ही फटी पाडलेली पोलादी नळी असते. नट आवळला की ती किंचितच मिटते. ६ मि.मी.ची दांडी तिच्यात बसते, घट्टही वाटते, पण सगळीकडून पकडली जात नाही. हादऱ्याने सुटते. फरक फक्त ०.३५ मि.मी.चा! जपानी पद्धतीत ६ मि.मी., युरोपात ८ मि.मी., अमेरिका-ब्रिटनमध्ये पाव आणि अर्धा इंच. सिंगापूर पडलं बंदराचं गाव, इथे सगळ्याच मापांचा माल येतो. म्हणून दुकानात "स्मॉल राउटर बिट" एवढंच मागू नका, आधी आपल्या यंत्राचा कॉलेट बघा. माप जुळत नसेल तर त्या यंत्राचा योग्य कॉलेट किंवा त्यासाठीच बनवलेली रिड्यूसिंग स्लीव्ह घ्या. कागद किंवा टेप गुंडाळण्याचा जुगाड कृपया नको.

छोट्या रोटरी टूलची (ड्रेमेल वगैरे) गोष्ट वेगळी. त्यात सहसा १/८ इंच, म्हणजे ३.१७५ मि.मी. दांडीची बिटं लागतात. इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड कापणारी कार्बाइड बिटंही याच दांडीची असतात. ती ढिगाने बनतात, म्हणून स्वस्त पडतात. बारीक जाळीला छान, पण ठिसूळ. हात जरा तिरका झाला की तुटतात, त्यामुळे चष्म्याशिवाय वापरू नका.

हायस्पीड स्टील की कार्बाइड?

पाइनसारख्या मऊ लाकडावर हायस्पीड स्टील चालतं. प्लायवूडमधला गोंद आणि सागवानातली सिलिका मात्र त्याची धार लवकर मारतात. बोथट बिट लाकूड कापण्याऐवजी जाळतं आणि कडेला काळे डाग पडतात. म्हणून कार्बाइडच्या टोकाचं बिट थोडं महाग असलं तरी शेवटी स्वस्त पडतं.

संच की सुटी?

ऑनलाइन पंधरा बिटांचा संच एखाद्या नावाजलेल्या बिटाच्या किमतीत मिळतो. मीही घेतला. त्यातली चारच वापरली:

१. सरळ, ६ मि.मी. : खाचेसाठी
२. बेअरिंगवालं फ्लश ट्रिम : एका कमानीवरून दुसरी हुबेहूब कापायला
३. राउंड ओव्हर : कडेच्या गोलाईसाठी
४. ९० अंशांचं व्ही : ॥ श्री ॥ कोरायला

सुरुवातीला स्वस्त संच घेऊन काय लागतं ते शोधा, मग जे झिजेल तेवढंच चांगल्या प्रतीचं सुटं घ्या. संच हातात आला की कार्बाइड जिथे झाळलंय तिथे फट नाही ना, बेअरिंग बोटाने अडखळत नाही ना, ते पाहा. कॅलिपर असेल तर दांडीही मोजा. परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेताना जीएसटी धरूनच हिशोब करा. २०२३ पासून स्वस्त मालावरही तो लागतो, आणि २०२४ पासून दर ९ टक्के आहे. सुंगेई रोडचा जुना बाजार २०१७ साली बंद झाला. पण जालान बेसारच्या आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत चक्कर मारण्यात वेगळीच मजा आहे. तिथे बिट हातात घेऊन बघता येतं.

वापरताना

बिट बदलताना प्लग काढा. दांडी पूर्ण आत घालून २-३ मि.मी. बाहेर ओढा, मग नट आवळा. एका वेळी २-३ मि.मी.च खोल जा. बाहेरची कड कापताना फळी समोर ठेवून यंत्र डावीकडून उजवीकडे न्या. उलट नेलंत तर ते हातातून पळू पाहतं. चष्मा, मास्क, कानात बोळे हवेतच. शेजाऱ्यांसाठी शनिवार-रविवार टाळा. मी एक दिवसाची रजा टाकली.

मखर झालं. एक कमान दुसरीपेक्षा किंचित जाड आहे, पण ते आमच्याशिवाय कुणाला दिसत नाही. ॥ श्री ॥ लेकीने कोरलं, मी फक्त तिच्या हातावर हात ठेवला होता. बाप्पा त्यात दोनदा बसून गेले. संचातली उरलेली अकरा बिटं पेटीत नवीकोरी पडून आहेत. पुढच्या गणपतीला कुणाला हवी असतील तर खुशाल मागा. फक्त येताना आपला कॉलेट मोजून या!